पाकिटावरचे हशील: परदेशी टपालदर आणि आपले छोटे ऑनलाइन दुकान

चीनमधून निघालेली केसांची क्लिप अमेरिकेतल्या एखाद्या गावात घरपोच जायची, आणि त्याच गावातल्या दुकानदाराला तशीच क्लिप शेजारच्या राज्यात पाठवायला जास्त टपालखर्च यायचा. असे बरीच वर्षे चालले. ऑनलाइन दुकान नुकते उघडलेल्या कोणालाही यात अन्याय दिसतो, आणि तो होताही. पण त्यामागे टपालखात्यांमधला एक जुना हिशेब आहे. तो कळला की कोणत्या मालात आपला टिकाव लागेल, कुठे हात घालू नये आणि आपला माल बाहेर पाठवताना किती पैसे धरावेत, हे ठरवणे सोपे जाते. महाराष्ट्रातून घरगुती किंवा छोटा ऑनलाइन व्यवसाय सुरू करणाऱ्यांसाठी तो हिशेब आणि पुढची कामे इथे क्रमाने दिली आहेत.

आधी हिशेब: पोचवणावळ

कोल्हापूरच्या पोस्टात तुम्ही शिकागोचे पाकीट दिले आणि पैसे भरले. ते पैसे भारतीय डाक विभागाकडे गेले. पण शिकागोच्या विमानतळावरून पाकीट उचलून, छाटून दारापर्यंत नेण्याचे काम अमेरिकेचे टपालखाते करते. त्याबद्दल आपले खाते त्यांना जी रक्कम देते तिला ‘टर्मिनल ड्यूज’ म्हणतात. घडणावळ, धुणावळ तशी ही पोचवणावळ, म्हणून पुढे हाच शब्द वापरला आहे.

देशोदेशींच्या टपालाचे नियम जागतिक टपाल संघटना ठरवते. ही संघटना १८७४ साली बर्न येथे स्थापन झाली आणि भारत १८७६ पासून तिचा सदस्य आहे. सुरुवातीला पोचवणावळ नव्हतीच. प्रत्येक पत्राला उत्तर येणार, म्हणजे येणे-जाणे साधारण सारखेच, असे धरून प्रत्येक देश आपण गोळा केलेले हशील, म्हणजे टपालाचे पैसे, स्वतःकडे ठेवायचा. पुढे काही देशांत येणारे टपाल फार आणि जाणारे कमी असे होऊ लागले. तेव्हा १९६९ च्या टोकियो अधिवेशनात पोचवणावळ ठरली आणि १९७१ पासून लागू झाली.

पुढच्या सगळ्या घोळाचे मूळ दोन गोष्टींत आहे. पहिली, देशांचे गट पाडले गेले आणि विकसनशील देशांचे दर कमी ठेवले गेले. चार गटांच्या रचनेत चीन तिसऱ्या गटात होता. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. २ किलोपर्यंतचे ‘स्मॉल पॅकेट’ पार्सलमध्ये मोडत नाही, ते पत्रांच्या वर्गात मोडते. पत्रांसाठी बांधलेल्या दरात माल जाऊ लागला. कागद पाठवणाऱ्यांच्या सोयीचा दर ऑनलाइन व्यापाऱ्यांच्या हाती आला. त्यात २०१०-११ पासून चीन आणि अमेरिकेच्या टपालखात्यांनी ‘ईपॅकेट’ ही माग काढता येणारी स्वस्त सेवा सुरू केली, तेव्हा अमेरिकेतल्या छोट्या विक्रेत्यांची तक्रार फार वाढली.

२०१६ च्या इस्तंबूल अधिवेशनात मालाच्या पाकिटांचा दर पत्रांपासून वेगळा काढायचे ठरले आणि २०१८ पासून तसे झाले. तरी तेवढ्याने भागले नाही. १७ ऑक्टोबर २०१८ रोजी अमेरिकेने संघटनेतून बाहेर पडण्याची नोटीस दिली. मुदत संपायच्या आत, २४ ते २६ सप्टेंबर २०१९ ला जिनिव्हात खास अधिवेशन भरले आणि तोडगा निघाला. ज्या देशात फार मोठ्या प्रमाणावर टपाल येते त्याने आपली पोचवणावळ स्वतः जाहीर करावी, असे ठरले. अमेरिकेला ही मुभा १ जुलै २०२० पासून मिळाली, इतरांना पुढच्या वर्षापासून टप्प्याटप्प्याने. हा दर देशांतर्गत टपालदराच्या ७० टक्क्यांहून जास्त ठेवता येत नाही.

आपल्या दुकानदाराने इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्यावी. अमेरिकेचा तो दर सगळ्या देशांना लागू झाला, भारतालाही. भांडण चीनच्या पाकिटांचे होते, पण सोलापूरहून चादर किंवा सावंतवाडीहून लाकडी खेळणे पाठवणाऱ्याच्या खर्चावरही त्याचा भार आला. परदेशी टपालदर नेहमी दोन्ही बाजूंनी लागतो. बाहेरचा माल त्यानेच आत येतो आणि आपला त्यानेच बाहेर जातो.

भारतात काय झाले

आपल्याकडे चिनी ॲपवरून मागवलेली पाकिटे ‘भेटवस्तू’ म्हणून यायची, कारण ५,००० रुपयांपर्यंतच्या भेटीला सीमाशुल्कातून सूट होती. हशील कमी आणि शुल्क शून्य. इथला विक्रेता जीएसटी भरून त्यांच्याशी झगडत होता. डिसेंबर २०१९ मध्ये परकीय व्यापार महासंचालनालयाने टपाल-कुरिअरने भेट म्हणून येणारा माल बंद केला. अपवाद ठेवला तो जीवरक्षक औषधे आणि राखीचा. पुढे २९ जून २०२० च्या ५९ ॲपच्या बंदीत क्लब फॅक्टरी आणि शीन होती आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात अलीएक्सप्रेसवरही बंदी आली.

त्यामुळे आज भारतातल्या नव्या दुकानदारासमोर सहसा चीनच्या शेन्झेनचे सुटे पाकीट उभे नसते. उभा असतो तो कंटेनरने न्हावा-शेव्याला उतरलेला, शुल्क भरलेला आणि भिवंडीच्या गोदामातून निघणारा माल. या दोघांचे खर्च वेगळे असतात, म्हणून त्यांच्याशी सामना करण्याची रीतही वेगळी.

पहिली पायरी: समोरचा माल कोणत्या वाटेने आला ते ओळखा

ज्या वस्तूत उतरायचे आहे ती आधी दोन-तीन विक्रेत्यांकडून विकत घ्या. पाकीट फेकू नका, त्यावर सगळे लिहिलेले असते.

परदेशातून थेट टपालाने आले असेल तर १३ अक्षरांचा बारकोड असतो: दोन अक्षरे, नऊ अंक आणि शेवटी देशाची दोन अक्षरे. चीनचे ‘सी-एन’, भारताचे ‘आय-एन’. पहिले अक्षर सेवा सांगते. ‘आर’ म्हणजे रजिस्टर, ‘ई’ म्हणजे स्पीड पोस्ट, ‘सी’ म्हणजे पार्सल, ‘एल’ म्हणजे माग काढता येणारे हलके पाकीट आणि ‘यू’ म्हणजे साधे, माग नसलेले. ‘एल’ किंवा ‘यू’ दिसले तर समोरचा ‘स्मॉल पॅकेट’च्या दरात माल पाठवतो आहे असे समजा.

भारतातूनच निघालेले असेल तर वस्तूच्या वेष्टनावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि मूळ देश शोधा. वैधमापन नियमांप्रमाणे आयात मालावर हे छापावेच लागते आणि ऑनलाइन विक्रीच्या पानावरही मूळ देश द्यावा लागतो. आयातदार सापडला की तो माल घाऊक आला आहे. एका नगावर त्याचा समुद्रवाहतुकीचा खर्च फार थोडा असतो, पण आत आल्यावर गिऱ्हाइकापर्यंतचा खर्च त्याला तुमच्याइतकाच येतो. त्या टप्प्यावर तुम्ही दोघे बरोबरीत असता. पुष्कळ नवखे हे न ओळखता मालाचा भाव पाडत बसतात आणि सुटतील ते पैसे पॅकिंगमध्ये घालवतात.

दुसरी पायरी: आपला खरा पाठवणखर्च काढा

कुरिअरच्या दरपत्रकावरचा आकडा म्हणजे पाठवणखर्च, असे धरले की हिशेब बिघडतो. एका चिनीमातीच्या कपाचे उदाहरण घ्या. आकडे समजण्यापुरते धरले आहेत, जागी तुमचे घाला.

१०० ऑर्डरी, सगळ्या पोचल्यावर पैसे देण्याच्या. जाण्याचा खर्च ७० रुपये, न घेतलेले पार्सल परत येण्याचा ६० रुपये. १८ पार्सले परत आली. खर्च झाला ७,००० अधिक १,०८०, म्हणजे ८,०८० रुपये. पण विकले गेले ८२ कप. एका विकल्या गेलेल्या कपामागे वाहतूक पडली साधारण ९८ रुपये ५० पैसे. त्यात खोका १२, बबल रॅप ५, टेप व लेबल ३ असे २० रुपये मिळवा. शंभरात दोन कप फुटले आणि एकाची खरेदी १५० असेल तर ३०० रुपये गेले, ते ८२ वर वाटले की आणखी ३ रुपये ७० पैसे. एकूण १२२ रुपये. दरपत्रकावर मात्र ७० लिहिलेले होते.

या उदाहरणात सगळ्यात जास्त नुकसान परतीने केले. हशिलाचा दर तुमच्या हातात नाही, परती आहेत. पत्ता घेताना पिनकोड आणि गाव जुळते का ते तपासा, जवळची खूण विचारा, माल निघायच्या दिवशी गिऱ्हाइकाला फोन किंवा व्हॉट्सॲप करा आणि आगाऊ पैसे देणाऱ्याला थोडी सूट द्या. १८ परती ८ वर आल्या तर त्याच हिशेबाने वाहतूक ९८ वरून साधारण ८१ रुपयांवर येते.

दुसरा उपाय जोडीने विकण्याचा. अर्ध्या किलोला ७० आणि एक किलोला ९५ असा दर असेल तर दोन कप एका खोक्यात गेल्यावर प्रत्येकी साडेसत्तेचाळीस रुपये पडतात. थेट परदेशातून सुटे पाकीट पाठवणाऱ्याला जड माल जोडीने पाठवणे परवडत नाही, कारण त्याला २ किलोची मर्यादा आहे आणि वजन वाढले की स्वस्त दराचा फायदा आटतो.

तिसरी पायरी: वजन आणि माप ग्रॅम-सेंटिमीटरात

एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आणि कापडी मोजपट्टी घेतल्याशिवाय पहिली ऑर्डर पाठवू नका. वजन वस्तूचे घेऊ नका, बांधून लेबल लावलेल्या पार्सलचे घ्या.

२० × १५ × १० सेंटिमीटरचा तीन थरी पुठ्ठ्याचा खोका साधारण ७०-८० ग्रॅमचा असतो, पाच थरी घेतला तर शंभराच्या वर जातो. कप ३५० ग्रॅम, तीन थरी खोका ७५, बबल रॅप आणि टेप ४०: ४६५ ग्रॅम. अर्ध्या किलोच्या आत बसले. पाच थरी खोक्यात तेच ५०० च्या पलीकडे जाते आणि पुढच्या टप्प्याचा दर लागतो. पावसाळ्यात पुठ्ठा ओल धरतो आणि खोका काही ग्रॅमने जड होतो. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये ४९५ ग्रॅमचे पार्सल काउंटरवर ५०२ भरणे नवीन नाही. टप्प्याच्या खाली १५-२० ग्रॅम मोकळे ठेवा आणि खोके जमिनीपासून उंच, प्लास्टिकखाली रचा.

खासगी कुरिअर आकारमानाचे वजनही धरतात: लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरात, भागिले ५,०००. प्रत्यक्ष वजन आणि हे, यातले जास्त असेल ते लागते. साडीचा खोका ३६ × २८ × ५ असेल तर आकारमानाचे वजन १.००८ किलो होते. साडी खोक्यासह ७०० ग्रॅम असली तरी दर एका किलोच्या पुढचा. उंची साडेचार केली की ०.९०७ होते. फरक अर्ध्या सेंटिमीटरचा आहे. खोका फुगला की कुरिअरच्या यंत्रावर तो पाचच भरतो, म्हणून साडीला कडक कार्डबोर्ड घालून वर टेपचे आडवे पट्टे मारा.

परदेशी स्मॉल पॅकेटचे माप वेगळे आहे: वजन २ किलोपर्यंत, लांबी-रुंदी-उंचीची बेरीज ९० सेंटिमीटरपर्यंत आणि कोणतीही एक बाजू ६० सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. खोके बनवून घेताना हे माप डोळ्यासमोर ठेवले तर तेच खोके देशात आणि बाहेर दोन्हीकडे चालतात.

चौथी पायरी: मालाची यादी ‘दर १०० ग्रॅम’ने लावा

विक्रीभावाला पॅकिंगसह वजनाने भागा. कप ३५० रुपये, ४६५ ग्रॅम: शंभर ग्रॅमला ७५ रुपये. मसाल्याचे पाकीट ३२० रुपये, ५६० ग्रॅम: ५७ रुपये. पैठणीच्या कापडाची पर्स ९०० रुपये, २२० ग्रॅम: ४०९ रुपये. मोत्याची नथ ४५० रुपये, ६० ग्रॅम: ७५० रुपये.

ही यादी दोन्ही दिशांनी वाचायची आहे. वरच्या टोकाचा हलका, महाग माल परदेशातून सहज येऊ शकतो आणि तुमच्याकडून सहज जाऊही शकतो. तिथे स्वस्त हशील सगळ्यांना मदत करते, म्हणून वेगळेपण नसेल तर त्यात पडू नका. साधी क्लिप किंवा मोबाइलचे कव्हर हा नवख्यासाठी वाईट माल आहे. नथ, खण, पैठणीची पर्स हा चांगला, कारण ती पारख असलेले गिऱ्हाईक तयार आहे आणि नक्कल लगेच उघडी पडते.

खालच्या टोकाचा जड, फुटका किंवा लवकर खराब होणारा माल परदेशी सुट्या पाकिटापासून सुरक्षित असतो. मात्र देशातल्या देशात तो लांब पाठवताना तुम्हीच मार खाता. असा माल आधी आपल्या आणि शेजारच्या जिल्ह्यांत विका, स्थानिक टप्प्याचा दर बराच कमी असतो.

परदेशात पाठवण्याच्या मालाला साधी कसोटी लावा: त्या देशाचा हशिलाचा दर तुमच्या विक्रीभावाच्या एक तृतीयांशाहून जास्त होत असेल तर ती वस्तू एकटी पाठवू नका. संच करा किंवा सोडून द्या.

पाचवी पायरी: आपला माल बाहेर पाठवणे

कागद आधी, गिऱ्हाईक नंतर. आयात-निर्यात क्रमांक, म्हणजे आयईसी, परकीय व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर ५०० रुपये भरून मिळतो. पॅन, पत्त्याचा पुरावा आणि रद्द केलेला धनादेश लागतो. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातली माहिती पुन्हा खात्री करून द्यावी लागते. बदल काही नसला तरी द्यावी लागते, नाहीतर क्रमांक निष्क्रिय होतो. जीएसटी नोंदणी असेल तर आरएफडी-११ हा अर्ज भरून एलयूटी, म्हणजे हमीपत्र, द्या, म्हणजे निर्यातीवर कर आधी भरून नंतर परत मागण्याची कटकट टळते. एलयूटी एका आर्थिक वर्षापुरतीच असते. बँकेकडून एडी कोड, म्हणजे परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या तिच्या शाखेचा क्रमांक, घेऊन ठेवा.

टपालाने व्यापारी माल पाठवताना पोस्टल बिल ऑफ एक्स्पोर्ट, बोलीभाषेत पीबीई, भरावे लागते. डिसेंबर २०२२ पासून ते ऑनलाइन भरता येते, आणि ई-कॉमर्ससाठी त्यातला पीबीई-३ हा नमुना आहे. डाक विभागाच्या डाकघर निर्यात केंद्राच्या पोर्टलवर खाते उघडले की घरूनच बिल भरून, लेबल छापून, जवळच्या केंद्रावर माल देता येतो. माल फॉरेन पोस्ट ऑफिसात जातो, मुंबईचे बॅलार्ड इस्टेटमध्ये आहे, आणि सीमाशुल्काची तपासणी तिथे होते. तुम्हाला मुंबई गाठावी लागत नाही.

सेवा निवडताना २ किलोच्या आतल्या मालासाठी ‘इंटरनॅशनल ट्रॅक्ड पॅकेट’, म्हणजे आयटीपीएस, आधी विचारा.  घाई असेल किंवा माल महाग असेल तर आंतरराष्ट्रीय स्पीड पोस्ट. वजन जास्त आणि घाई नसेल तर एअर पार्सल. आयटीपीएस सगळ्या देशांना नाही, त्यामुळे दुकानाच्या पानावर देशांची यादी टाकण्याआधी काउंटरवर खात्री करा.

पोचवणावळीचा हिशेब ‘एसडीआर’ या एककात होतो. ही आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची मोजपट्टी आहे आणि ती डॉलर, युरो, युआन, येन आणि पौंड यांच्या टोपलीवर ठरते. रुपया या टोपलीपुढे घसरला की आपल्या टपालखात्याला तीच पोचवणावळ महाग पडते, आणि दर सुधारला की तो भार तुमच्यावर येतो. म्हणून परदेशी गिऱ्हाइकाला दिलेल्या भावावर मुदत लिहा: ‘हा भाव ३० दिवसांपुरता’.

सहावी पायरी: मालाचे नाव आणि क्रमांक

सीएन-२२ किंवा सीएन-२३ हा सीमाशुल्काचा कागद आहे. ३०० एसडीआरपर्यंतच्या मालाला सीएन-२२, त्यापुढे सीएन-२३. याची माहिती माल निघायच्या आधी संगणकातून समोरच्या देशाला पाठवावी लागते. ती अपुरी असली की पाकीट विमानात चढतच नाही किंवा उतरल्यावर परत फिरते.

‘कपडे’, ‘दागिने’, ‘सामान’ असे लिहू नका. ‘हातमागाची सुती साडी, १ नग, ६२० ग्रॅम’ असे नेमके लिहा, इंग्रजीतून. सहा अंकी एचएस क्रमांक, म्हणजे मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीचा क्रमांक, द्या. कोल्हापुरी चपलेसाठी ६४०३२० हा क्रमांक आहे: चामड्याचा तळ, आणि वर पायावरून व अंगठ्याभोवती जाणारे चामड्याचे पट्टे. व्याख्या वाचली तर जणू कोल्हापुरी समोर ठेवूनच लिहिली आहे असे वाटते. साध्या, म्हणजे सोने-चांदी नसलेल्या, धातूच्या खोट्या दागिन्यांना ७११७१९, पोर्सेलिन किंवा ‘चायना’ प्रकारात न मोडणाऱ्या सिरॅमिकच्या कप-बश्यांना ६९१२००. रबरी तळाची कोल्हापुरी मात्र ६४०३२० मध्ये बसत नाही. इथे चूक झाली तर शुल्क बदलते.

विकलेल्या मालावर ‘भेट’ लिहिण्याचा सल्ला अनेक जण देतील. ऐकू नका. किंमतही कमी लिहू नका. माल हरवला तर भरपाई लिहिलेल्या किमतीपुरतीच मिळते, बँकेत आलेले पैसे आणि कागदावरची किंमत जुळत नाही, आणि पकडले गेले तर दंड गिऱ्हाइकाच्या दारात जातो.

सातवी पायरी: हशिलाच्या पुढचे पैसे

स्वस्त पाकिटांविरुद्ध देशांनी दुसरे हत्यारही काढले: छोट्या मालाची करमाफी बंद करणे. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०१८ पासून १,००० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या मालावर जीएसटी लावला, पण तिथल्या गिऱ्हाइकांना वर्षाला ७५,००० ऑस्ट्रेलियन डॉलरपेक्षा कमी विकणाऱ्याला नोंदणीची सक्ती नाही. ब्रिटनने १ जानेवारी २०२१ पासून १३५ पौंडांपर्यंतच्या मालाचा व्हॅट विक्रीच्या वेळीच विक्रेत्याने घ्यावा असे केले. युरोपीय संघाने १ जुलै २०२१ पासून २२ युरोची व्हॅटमाफी काढली आणि १५० युरोपर्यंतच्या मालाचा व्हॅट एकाच ठिकाणी भरण्यासाठी आयओएसएस ही नोंदणी आणली. त्या १५० युरोंखालच्या मालावर १ जुलै २०२६ पासून ठोक ३ युरो सीमाशुल्क घेण्याचेही ठरले.

छोट्या विक्रेत्याने प्रत्येक देशात नोंदणी करण्याच्या भानगडीत पडू नये. एट्सी किंवा ईबेसारख्या बाजारपेठेतून विकल्यास व्हॅट ती बाजारपेठ घेते आणि आपला आयओएसएस क्रमांक देते. हा क्रमांक बुकिंगच्या वेळी संगणकात भरला गेला पाहिजे. नुसता खोक्यावर लिहिला तर तिकडे कोणी बघत नाही, गिऱ्हाइकाकडून व्हॅट दुसऱ्यांदा मागितला जातो, वर टपालखात्याचे हाताळणीचे पैसे लागतात. मग तो पार्सल नाकारतो आणि वाईट शेरा तुमच्या दुकानावर येतो.

अमेरिकेचे प्रकरण सगळ्यात ताजे. २०१६ पासून तिथे ८०० डॉलरपर्यंत शुल्क नव्हते. चीन आणि हाँगकाँगसाठी ही माफी २ मे २०२५ ला संपली आणि सगळ्या देशांसाठी २९ ऑगस्ट २०२५ ला. शुल्क कोण आणि कसे गोळा करणार हे स्पष्ट नसल्याने भारतीय डाक विभागाने २५ ऑगस्टपासून अमेरिकेचे बहुतेक बुकिंग थांबवले. ते १५ ऑक्टोबर २०२५ ला पुन्हा सुरू झाले, आणि तेव्हापासून शुल्क बुकिंगच्या वेळी पाठवणाऱ्याकडूनच घेतले जाऊ लागले. त्या वेळी ते जाहीर किमतीच्या ५० टक्के होते. हा आकडा पुढे धरून चालू नका, बुकिंगच्या दिवशीचा दर विचारा. रीत मात्र लक्षात ठेवा: ३,००० रुपयांच्या साडीला हशील ९०० धरले आणि शुल्क ५० टक्के असले तर तुमच्या खिशातून माल निघतानाच २,४०० रुपये जातात. भाव ठरवताना हे आधी जोडा, ‘शुल्कासह’ असे पानावर ठळक लिहा आणि गिऱ्हाइकाचे पैसे खात्यात आल्यावरच बुकिंग करा.

दिवाळीचा फराळ पाठवणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. युरोपीय संघात दुधाचे पदार्थ टपालाने चालत नाहीत, त्यामुळे पेढे-बर्फी काढून टाका. अमेरिकेला विकलेले खाद्यपदार्थ पाठवताना तिथल्या एफडीएला, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाला, आधी सूचना द्यावी लागते. घरी बनवून नातेवाइकाला भेट दिलेल्या फराळाला सूट आहे, विकलेल्याला नाही. चकली, शेव, चिवडा वजनाला हलके पण आकाराने मोठे असतात. टपालात ते परवडतात, आकारमान मोजणाऱ्या कुरिअरात नाही.

पहिले पार्सल

दुकान परदेशासाठी उघडण्याआधी एक खरे पार्सल ओळखीच्या माणसाला पाठवा. न्यू जर्सी, लंडन, मेलबर्न, कुठेतरी कोणाची तरी बहीण किंवा वर्गमित्र असतोच. विकायचा आहे तोच माल, तोच खोका, खरी किंमत. त्यांना चार गोष्टी विचारा: किती दिवसांनी पोचले, दारात काही पैसे मागितले का, खोका कोणत्या कोपऱ्याला दबला, आणि लेबलवरचा बारकोड व मालाचे वर्णन नीट वाचता येते का. लेबलचा आणि खोक्याच्या सहाही बाजूंचा फोटो मागवा. पोस्टाची पावती, पीबीईची प्रत आणि हे फोटो एकत्र ठेवा. माल परत आला तर तो आपलाच गेलेला माल आहे हे सीमाशुल्काला दाखवण्यासाठी यातले कागद लागतात, नाहीतर स्वतःच्याच साडीवर आयातशुल्क भरायची वेळ येते.